प्रागमध्ये चौघं पायी

गाडीतून फिरलं की किस्से होत नाहीत. एसी लागला की मागच्या सीटवर सगळे झोपतात! पण एकाच घरातली चार माणसं परक्या शहरात पायी निघाली, की दर वळणावर एक किस्सा पदरात पडतो. शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी मंडळी जमली की अजून फर्माईश होते, "अरे, ते प्रागचं सांग!"

तरुणपणी कंपनीने मला ट्रेनिंगसाठी वर्षभर प्रागला पाठवलं होतं. त्या शहरावर माझा जीव जडला. लग्नानंतर सुषमाने, म्हणजे आमच्या हिने, प्रागबद्दल इतकं ऐकलंय की मी विषय काढला की ती चहा टाकायला उठते. पन्नाशी उलटल्यावर एकदाचा तिला आणि मुलांना घेऊन तिथे गेलो. एकच काळजी होती. हिला नाही आवडलं तर?

*

शारजात आमची मुलं चालतात ती लिफ्टपासून गाडीपर्यंत. चहा हवा असेल तर कॅफेटेरियासमोर गाडी थांबवून हॉर्न मारायचा, चहा काचेपाशी हजर!

पहिल्याच सकाळी अमेयला कॉफी आणायला पाठवलं. बराच वेळ पत्ता नाही. जाऊन बघतो तर हा पठ्ठ्या दुकानाबाहेर फुटपाथवर हात वर करून उभा!

"बाबा, द मॅन कॅन सी मी. बट ही इज नॉट कमिंग आउट!"

आतला माणूसही बिचारा मघापासून हसून त्याला हात करत होता.

*

मग आला रविवार. आसपासची दुकानं बंद, रस्ते सामसूम. मुग्धा शारजात जन्मलेली, तिची सुट्टी शुक्रवारची. ती काळजीत पडली.

"बाबा, इट्स संडे! व्हाय इज नोबडी ॲट वर्क?"

शेवटी नदीकाठच्या बाकावर बसून सुषमाने पर्समधून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. "छान आहे हो तुमचं प्राग. रविवारी उपाशी ठेवतं!"

मी आणखी एक दशमी मागून घेतली.

*

माझी जुनी खोली दाखवायला मी ऐटीत पुढे निघालो. "मोठा पुतळा लागला की डावीकडे. डोळे मिटून नेतो!"

पुतळाच लागेना. तीनदा त्याच चौकात आलो. शेवटी एका आजोबांना माझ्या मोडक्यातोडक्या चेक भाषेत विचारलं. ते इतके हसले की टोपी काढून डोळे पुसायला लागले.

"पुतळा गेला. ते कम्युनिस्ट सरकारही गेलं. तुम्ही होतात कुठे?"

मी म्हटलं, "शारजात."

त्या दिवसापासून नकाशा सुषमाने ताब्यात घेतला.

*

किल्ल्याच्या पायऱ्यांची मला धास्ती होती, कारण सुषमाचे गुडघे दुखरे. अर्ध्यावर धाप मात्र मला लागली! ही कठड्याला धरून दमादमाने वर पोहोचली आणि तिथून ओरडली, "यल्ला, चला लवकर!"

वर गेलो. खाली लाल कौलं, नदी, एकामागे एक पूल. इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती. मी हिला विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने खूप वेळ पाहिलं. मग पदर सावरत म्हणाली, "वारा छान आहे."

बस्स! फक्त वारा! खरं सांगतो, मन खट्टू झालं.

*

शेवटची संध्याकाळ. जुन्या चौकात एक इंग्लिश जोडपं नकाशा घेऊन मला रस्ता विचारायला आलं. मी लगेच उजवीकडे बोट दाखवलं.

"अहो, उजवीकडे काय! सरका जरा," सुषमा पुढे झाली. आणि आपल्या शाळेत शिकलेल्या इंग्लिशमध्ये सांगत सुटली. त्या कमानीतून जा. तिथे पूर्वी बेकरी होती, सकाळी पावाचा वास वरच्या खोलीपर्यंत यायचा. पुढे पूल. पुलावर घाई करू नका, दिवे लागेपर्यंत थांबा. हिवाळ्यात आलात तर टोपी घाला, नदीवरचा वारा कानात शिरतो.

ती बेकरी माझ्या वेळची, कधीच बंद झाली होती. आणि हिवाळ्यात तर ही तिथे कधी गेलीच नव्हती!

त्या बाई खूश झाल्या. "हाउ लाँग हॅव यू लिव्ड हिअर?"

सुषमाने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"सिन्स मॅरेज," ती म्हणाली.