मिरचीच्या वखारीतला पडदा

पडदेमास्तरांना हळू बोलता येत नसे. तांब्याभर पाणी मागायचं तरी ते असं मागत, की गल्लीच्या टोकाचा दुकानदार मान वर करून बघे. त्याला कारण होतं. मूक सिनेमाच्या काळात ते एका फिरत्या तंबूत पडद्याच्या बाजूला उभं राहून चित्राची गोष्ट सांगत. सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या खिंकाळण्यातून शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचं, हीच त्यांची पोटापाण्याची विद्या. पुढे बोलका सिनेमा आला. "पडदा बोलायला लागला आणि माझं तोंड बंद झालं," असं ते सांगत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत. तंबूच्या मालकाने हाताने फिरवायचं जुनं मशीन आणि तुटक्या रिळांची एक पेटी त्यांना देऊन टाकली. ती घेऊन ते नंदुरबारला आमच्या शेजारी खोली करून राहिले.

आमच्या घरचा धंदा मिरचीचा. मुलींची शाळा चौथीला संपे. त्यानंतर उंबऱ्याबाहेर पडायचं ते देवळात नाहीतर कुणाच्या लग्नात. मी आणि माझी चुलतबहीण इंदू तेव्हा तेरा-चौदाच्या होतो. तंबूत जाण्याआधी मास्तर काही वर्षं शाळेत इतिहास शिकवत. एके दिवशी त्यांनी मोठ्या काकांना, म्हणजे इंदूच्या वडलांना, भर गल्लीत गाठलं. "मुली शाळेत जात नसतील तर शाळा तुमच्या वखारीत येईल. जगाचा इतिहास दाखवतो मी त्यांना!" सगळ्या गल्लीने ऐकल्यावर नाही म्हणणं काकांना जड गेलं असावं. मुली घराबाहेर जाणार नाहीत आणि मोठी माय सोबत बसेल, एवढ्या अटीवर ते कबूल झाले. मोठी माय ही त्यांची बायको, इंदूची आई.

बाजार बंद असेल त्या दुपारी वखारीची दारं लावून घ्यायची. पोत्यांच्या थप्प्यांसमोर भिंतीला मास्तरांचं धुतलेलं धोतर टांगायचं. मशीन करकरायला लागलं की धोतरावर बोटी, तोफा, टोप्या घातलेली माणसं धावायची आणि आम्ही शिंकत शिंकत जग पाहायचो. मास्तर आम्हाला अहो-जाहो करत. "इंदूताई, आपण मशीनपासून जरा लांब बसा." आम्हाला 'आपण' म्हणणारा दुसरा माणूस तोवर भेटला नव्हता. आम्हाला आधी हसू यायचं. मग हळूहळू आम्ही ताठ बसायला लागलो.

मोठी माय दाराशी बसून मिरच्यांचे देठ खुडायची. चित्राकडे बघायचं नाही असा तिचा निश्चय होता आणि तो कधीच पाळला गेला नाही. एकदा विलायतेच्या कुणा राजाची अंत्ययात्रा पडद्यावर आली. काळे घोडे, गाड्यावर ठेवलेली पेटी, दुतर्फा उघड्या डोक्यांची माणसं. रीळ संपताच ती सूप बाजूला सारून उठली.

"मढं देखं ना? मंग चला, आंघोय करा."

"अहो माय, ते चित्र आहे," मास्तर म्हणाले.

"चित्र ऱ्हावो नाहीतर काही ऱ्हावो. मढं ते मढंच शे."

ऐन थंडीत आम्हा दोघींच्या डोक्यावरून पाणी ओतलं गेलं. मास्तरांनाही विहिरीवर पाठवलं, आणि तेही निमूट गेले. पुढच्या वेळी आले ते सर्दी घेऊनच.

प्रत्येक रिळानंतर मास्तरांचा एक प्रश्न ठरलेला असे. "हे सगळं तिकडे चाललं होतं तेव्हा आपल्या नंदुरबारात काय चाललं होतं?" उत्तर पुस्तकात नसे. ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणायचं. एकदा त्यांनी युरोपातल्या मोठ्या लढाईचं रीळ लावलं. चिखलाच्या चरांतून सैनिक चालले होते आणि त्यांत फेटेवाले आपलेही होते. एक फेटेवाला चालता चालता खाली बसला तो पुन्हा उठलाच नाही. इंदूला रडू आवरेना. "खुशाल रडा," मास्तर म्हणाले. "कुणी विचारलं तर मिरची लागली म्हणावं. वखार कशासाठी आहे?" मग नेहमीचा प्रश्न आला. त्या लढाईच्या शेवटी आपल्याकडे काय चाललं होतं? आम्ही मोठ्या मायकडे बघितलं. तिने हातातली मिरची खाली ठेवली.

"त्या साली मानमोडी उनी. मन्हा दोन्ही पोरे गयात."

मानमोडीच्या तापाने गावंच्या गावं ओस पडली होती, हे आम्ही ऐकून होतो. पण आपल्या आधी आपल्याला दोन भाऊ होते, हे इंदूला त्या दुपारी कळलं. घरात कुणी कधी त्यांचं नावही काढलं नव्हतं. मास्तरांनी दुसरं रीळ न लावता मशीन झाकून ठेवलं. त्या दिवसापासून मोठी माय सूप घरी ठेवून यायला लागली आणि आमच्या शेजारी पोत्यावर बसायला लागली.

पेटीत एक रीळ इंदूच्या फार आवडीचं होतं. कुठल्याशा परदेशी शहरात बायका मतांचा हक्क मागत रस्त्याने चालल्या आहेत, एवढंच त्यात होतं. त्यांतली एक चालता चालता वळून सरळ आपल्याकडे बघते आणि लगेच गर्दीत दिसेनाशी होते. इंदू दर वेळी म्हणे, "मास्तर, तिथे थांबवा ना." मास्तर दर वेळी मान हलवत. मशीन थांबलं की दिव्याच्या आचेने फिल्म पेट घेते, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्याच वर्षी धानोऱ्याला इंदूचं लग्न ठरलं. लग्नाआधीच्या शेवटच्या दुपारी तिने तेच रीळ मागितलं. मोठी माय पाहुण्यांत अडकली होती. वखारीत आम्ही तिघंच. ती बाई वळली तशी इंदू म्हणाली, "मास्तर, आता तरी थांबवा. मला पुन्हा कोण दाखवणार?"

आणि मास्तरांचा हात थांबला.

ती बाई आमच्याकडे बघत राहिली. कपाळावर आलेले केस, किंचित उघडे ओठ, सगळं नीट दिसलं. मग तिच्या गालावर एक काळा डाग उमटला, तो पसरला आणि भडका उडाला. मास्तरांनी आम्हाला दाराबाहेर ढकललं आणि स्वतः आत राहून पेटलेली पोती ओढून विझवली. मिरचीचा धूर ज्याने कोंडलेल्या जागी घेतला असेल त्यालाच त्याची कल्पना येईल. निम्मा बाजार ठसकत रस्त्यावर आला होता.

सगळं निवल्यावर काका म्हणाले, "मास्तर, आते बस झायं."

"माझा हात चुकला," मास्तर म्हणाले. "मुलींचा काही दोष नाही." हे ते म्हणाले, पण कुणाला ऐकूच गेलं नाही. जवळ उभी होते म्हणून मला कळलं. त्या धुराने त्यांचा आवाज नेला तो कायमचाच. मशीन जळलं होतं, रिळं जळली होती. इंदूच्या लग्नाला ते दाराशी आले, अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता गेले. महिनाभराने सुरतेच्या गाडीत बसले. निघताना मला म्हणाले, "ताई, विचारत राहा." ते ऐकायला मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. ज्यांचा आवाज गल्लीत मावत नसे, त्यांचा! मी घरी येऊन वखारीत बसून राहिले.

दोन वर्षांनी श्रावणात इंदू नागपंचमीच्या सणाला माहेरी आली होती. मास्तरांच्या तंबूतला एक जुना सोबती काकांना स्टेशनवर भेटला होता. जेवता जेवता काका म्हणाले, "ते पडदेमास्तर गेले म्हणे. खोकला बराच झाला नाही." आणि त्यांनी भाकरी मोडली.

इंदूने हात धुतले. "बा, मास्तरनी चूक नव्हती. मीच सांगं व्हतं, मशीन थांबाडा."

काकांचा घास हातातच राहिला. मोठी माय पानावरून उठली. "ऊठ व इंदू. ऊठ व पोरी. आंघोय करा."

"कोन व्हता तो आपला? सनना तोंडवर हाई काय?" काका म्हणाले.

"परदेशना राजासाठे करी व्हती," ती म्हणाली. "हाऊ ते आपला घरना व्हता."

न्हाणीत तिने आधी इंदूच्या डोक्यावर पाणी ओतलं, मग माझ्या, मग स्वतःच्या. बराच वेळ ती ओतत राहिली. डोळे लालभडक झाले होते. मी बघतेय हे लक्षात येताच तिने ओल्या पदराने तोंड पुसलं.

"मिरची लागनी व माय," ती म्हणाली.

नवी मिरची यायला दिवाळी उलटावी लागते. वखार तेव्हा रिकामी होती.