सुगंधाताईंचं एक लिटर

नाहूर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात सुगंधाताई परबांचा लाकडी घाणा आहे. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीने चालवला. गिऱ्हाइकाला तेलाचा वास देऊन मगच बाटली भरायची, ही त्यांची पद्धत. वीस वर्षांत मापावरून कुणाशी शब्दाला शब्द लागला नव्हता. तो मान मी पटकावला.

मी नवा डिजिटल काटा घेतला होता. नव्याची नवलाई, दिसेल ते तोलत सुटले होते. ताईंकडून आणलेलं लिटरभर शेंगदाणा तेल तोललं. बाटलीचं वजन वजा करून नऊशे बारा ग्रॅम! डोकंच फिरलं माझं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहून मोकळी झाले, 'सुगंधाबाई मापात मारतात.' संध्याकाळपर्यंत चौघींनी ऑर्डर रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात लिटरचं माप आणि पिशवीत बाटल्या.

"नेत्रा, तुझो काटो काढ गो."

त्यांनी रिकामं माप काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायला लावला. मग काठोकाठ पाणी भरलं. बरोबर हजार ग्रॅम. माप पुसून शेंगदाणा तेल ओतलं. नऊशे बारा. तिळाचं नऊशे एकोणीस. एरंडेल एवढं घट्ट, तरी नऊशे साठच.

"माप ताच. तेल पाण्यापेक्षा हलका, म्हणान तर ता वर तरंगता ना?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. कारण मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते! घनतेची व्याख्या मी झोपेतही म्हणेन, आणि स्वतःच्या ओट्यावर तीच मला ओळखू आली नाही.

मी तिथेच ग्रुपवर माफी लिहिली. ताईंनी ती मोठ्याने वाचायला लावली.

"बरा लिवलंस. पण आधी येवन माका इचारूक काय झाला होता तुका?"

मी चहा ठेवला. त्या प्यायल्या, एवढंच.

ऑर्डरी परत आल्या. आता घनतेचा धडा मी घाण्यावरच घेते. ताई मापं भरतात, मुलं तोलतात. परवा प्रांजल म्हणाली, "टीचर, हे तर एकदम सोप्पंय! हे न कळणारं कोणी असेल का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माप पुसत म्हणाल्या, "होती एक. आता शिकली."