गरम गाडी खोटं बोलते

सरोजिनी नगरच्या नाक्यावरचा आमचा मेकॅनिक गरम गाडीला हात लावत नसे. "गरम गाड़ी झूठ बोलती है, साहब," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच, थंडीत घरापाशी सेकंड गिअर टाकताना खरखरणारी आमची जुनी गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत अगदी साळसूद झालेली असे. शेजारी नव्या गाड्या घेऊन गुडगावात फ्लॅट बघत होते. मीही वैतागून ही विकायला निघालो होतो.

शेवटी एका धुक्याच्या सकाळी तोच आमच्या क्वार्टरवर आला. माझ्या शेजारी बसला, कानटोपी सरकवून एक कान उघडा केला. मी सेकंड टाकला. खर्रर्र! मागे माझी बायको बसली होती, नुकतीच ड्रायव्हिंग शिकलेली. तिला तो म्हणाला, "भाभीजी, अब आप चलाइए."

तिने क्लच दाबला, क्षणभर थांबली आणि गिअर अलगद पडला.

"ठंड में तेल गाढ़ा हो जाता है," तो खुशीत म्हणाला. "गाड़ी बिल्कुल ठीक है. जल्दी साहब को है."

बायको पोट धरून हसली. गाडी राहिली. त्या थंडीपुरतं स्टिअरिंग तिच्याकडे गेलं. त्यानंतर कितीतरी उन्हाळे आले. मी अजून डावीकडेच बसतो.