तांदळाचं अनेकवचन

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि बायकोनं अमरावतीतल्याच एका इंग्रजी शाळेत पहिलीच्या वर्गावर शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज दिला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. नमुना पाठाला नऊ दिवस होते. विषय मिळाला होता इंग्रजी नामांची अनेकवचनं.

रोज सकाळी चहासोबत मी तिला वीस शब्द विचारायचो, चुकलेल्यांवर लाल रेघ मारायचो आणि गुण वहीत लिहायचो. पहिल्या दिवशी अकरा. ‘चाइल्ड’चं ‘चिल्ड्रन’, ‘फूट’चं ‘फीट’ तिला लगेच जमलं. मेंढी एक असो की कळप, ‘शीप’च म्हणायचं, हेही तिनं मान्य केलं. अडली ती तांदळापाशी.

“राइसला एस लागत नाही. तो मोजता येत नाही,” मी सांगितलं.

“काहून नाही येत? आमच्या घरी तं पायलीनं मोजूनच राहिले सारे.”

“तसंच इंग्रजीतही. वन कप ऑफ राइस, टू कप्स ऑफ राइस. अनेकवचन कपाचं होतं, तांदळाचं नाही.”

“मंग असं सरळ सांगा ना! उगाच लाल रेघा मारून राहिले.”

तिचं माहेर अकोल्याकडचं, शेतकऱ्याचं. नवव्या दिवशी वीसपैकी वीस आले.

पाठाच्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो. खिडकी उघडी होती. समोर सतरा मुलं, मागे मुख्याध्यापिका. पेन्सिली, चेंडू, पाय, सगळं बिनचूक झालं. मग तिनं घरून नेलेल्या तांदळाचा पहिला कप परातीत ओतला आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “लाभ!”

आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतात. तिनं बापाच्या खळ्यावर लहानपणापासून ऐकलेलं, ते कप ओतताच तोंडून निघालं. मुख्याध्यापिका खाली मान घालून हसल्या. बायको थबकली. पण मुलं एका सुरात ओरडली, “लाभ!” मग तिनं दुसरा कप ओतला. “टू कप्स ऑफ राइस.” मुलांनी तेही म्हटलं. ती पिशवीच्या तळापर्यंत ओतत राहिली.

पाठ संपल्यावर ती सरळ गाडीपाशी आली.

“गेलं हातचं,” एवढंच बोलली. तिचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“अख्ख्या पाठात चूक एकच झाली,” मी म्हणालो. “मी मोजत होतो.”

“तुमी ना, चूप बसा.”

तेवढ्यात मुख्याध्यापिका मागून आल्या. “अहो मॅडम, थांबा. आमची ही मुलं पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत. आज तांदूळ संपेपर्यंत कोणी हललं नाही. सोमवारी साडेसातला याल?”

“येते,” ती म्हणाली.

राजापेठ ओलांडेपर्यंत ती मागे बसून ‘लाभ, टू कप्स, थ्री कप्स’ पुटपुटत होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मी गाडी वीसच्या वर नेली नाही.