झाडं ठोकून पाहणारे मेश्रामकाका

मेश्रामकाका कुठल्याही झाडाजवळ गेले की आधी बोटांच्या पेरांनी त्याचं खोड ठोकायचे, एखाद्याचं दार वाजवावं तसं. मग कान लावून उभे राहायचे, दोन पावलं सरकायचे आणि पुन्हा ठोकायचे. झाडाभोवती पूर्ण चक्कर झाल्याशिवाय ते माणसांशी बोलत नसत. माझी त्यांची ओळख झाली तीही अशीच. यवतमाळच्या या जुन्या कॉलनीत आम्ही घर घेतलं त्याला जेमतेम महिना झाला होता. फाटकाशी एक भलामोठा कडुनिंब होता, घरापेक्षाही जुना. त्याची एक जाड फांदी थेट गच्चीवर आली होती. जरा वारा सुटला की ती आता पडते की मग, अशी मला धास्ती वाटायची. शेवटी झाडच काढून टाकायचं ठरवून मी कटर मशीनवाल्याला सांगून ठेवलं. तो यायच्या आधी, कुठून तरी ते कळून, एक उंच, वाळका म्हातारा फाटक उघडून सरळ आत आला आणि कडुनिंबाला ठोकू लागला.

"काय पाहिजे आपल्याला?" मी जरा तुटकपणेच विचारलं.

"थांबा मॅडम. याचं ऐकून घेतो, मंग तुमचं ऐकतो."

मी शाळेत शिकवते. मला कुणी 'थांबा' म्हणायची सवय नाही. पण त्या आवाजात उद्धटपणा नव्हता, डॉक्टर नाडी बघताना असतो तेवढाच अलिप्तपणा होता. मी थांबले. चक्कर संपवून ते म्हणाले, "पक्कं हाये झाड. कुठंच पोकळ नाई. काहून तोडून राह्यले?"

मी फांदीकडे बोट दाखवलं.

"मंग फांदी काढू ना. झाडानं काय केलं?"

त्या दिवशी मशीनवाला आला आणि काकांच्या हुकमाखाली एका फांदीसाठी अर्धा दिवस राबला. काकांनी आधी फांदीला दोर बांधायला लावला. मग खालच्या बाजूने थोडं कापायला सांगितलं, मग वरून, आणि फांदी दोरावरून हलके खाली उतरल्यावर उरलेला खुंट वेगळा काढायला लावला. "वरूनच कापली तं जाता जाता खोडाची साल सोलून नेते थे," ते म्हणाले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखी वळी असते. ती मला त्यांनी बोटाने दाखवली. "हे झाडाचं हाये. इथूनच थे जखम भरते. याच्या बाहेरून कापायचं. आत गेलो तं बिघडलं, अन् लांब खुंटी ठेवली तरी बिघडलं."

मशीनवाला वैतागून गेला होता, पण पुढे कॉलनीतलं कुठलंही काम आलं की तो आधी विचारायचा, "काका आहेत ना?"

काका तीसेक वर्षं लाइनमन होते. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा नोकरीनिमित्त वर्ध्याला. हे झाडांचं वेड नोकरीपासूनचं का, असं मी एकदा चहा पिताना विचारलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"वेड नाई मॅडम. पावसाळ्याच्या आंधी आर्डर येत जाय, तारेखालची झाडं साफ करा. आमी करत होतो. कुऱ्हाडीनं, जसं जमन तसं. घाई राहे. पांढरकवड्याच्या रस्त्यावर एक शिरसाचं झाड होतं, त्याच्याखाली सायकलचं पंक्चर काढनारा बसे. एका दिवशी हवा नाई, पानी नाई, अन् फांदी पडली त्याच्यावर. मांडीचं हाड गेलं. म्या जाऊन पाह्यलं तं फांदी जिथून तुटली, तिथं माह्याच कुऱ्हाडीचा जुना घाव होता. आत सारा भुसा."

"मग?"

"मंग काय. दवाखान्यात गेलो अन् सांगतलं त्याले, की बा, हे माह्यानं झालं. त्यानं तोंड फिरवलं. पन सुट्टी झाल्यावर भेटला, तवा चहा पाजला त्यानं मले."

त्यानंतर काका खांबावर चढायला जात तिथे आजूबाजूच्या झाडांवरचे आपलेच जुने घाव शोधू लागले. कुठला भरून आला, कुठला सडला, कशामुळे. कुणी शिकवलं नाही, पुस्तक पाहिलं नाही. निवृत्त झाले तेव्हा त्यांना झाडांच्या जखमांची एवढी माहिती झाली होती की आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक आंब्याची, जांभळाची, कडुनिंबाची तब्येत त्यांना तोंडपाठ होती. "नवीन झाडं सारेच लावते," ते म्हणायचे. "फोटो काढते. म्हाताऱ्या झाडाले कोन इचारते?"

त्यांची वाद घालण्याची रीतही न्यारी होती. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे गट्टू बसवायचं काम आलं, तेव्हा मजूर ते अगदी खोडाला चिकटवून बसवत होते. आम्ही चारपाच जण तावातावाने भांडायला गेलो. मुकादम ऐकेना. काकांनी आम्हाला घरी पाठवलं आणि मुकादमाला जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी. तो जेवायला बसला तसे काका म्हणाले, "भाऊ, पट्टा दोन घरं आवळून घ्या."

"काहून?"

"घ्या तं खरी."

त्याने हसत पट्टा आवळला. दुसऱ्या भाकरीला त्याचा जीव घुसमटला. "सोडू का आता?" त्याने विचारलं.

"तुमी सोडा," काका म्हणाले. "झाडाले कोन सोडन?"

दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाडाभोवती हातभर मोकळी माती सोडलेली होती. मुकादम पुढे काम संपेपर्यंत दुपारी काकांकडेच जेवत होता.

अशा माणसाने कॉलनीतली सगळ्यात मोठी चिंच तोडायला सांगावी, हे कुणालाच पचेना.

ती चिंच कोपऱ्यावर होती. शाळेच्या ऑटोची वाट बघत सगळी मुलं तिच्या सावलीत थांबत. वरून हिरवीगार, शेंगांनी लगडलेली. एका सकाळी काकांना तिच्या बुंध्याशी कानाएवढ्या बुरशीची रांग दिसली. त्यांनी चक्कर मारली, पुन्हा मारली. लागोपाठ तीन दिवस ते तिथे जात होते. चौथ्या दिवशी त्यांनी नगरपरिषदेत अर्ज दिला.

सगळ्यात मोठ्याने विरोध केला तो मी. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. झाडं तोडू नका हे ज्यांच्याकडून शिकलो, तेच उलटे फिरले असं वाटलं. मी सह्या गोळा केल्या. कुणीतरी तर बोललं की त्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्याने काकांना हाताशी धरलं असेल. ते त्यांच्या कानावर गेलं. तरी ते माझ्या दारात आले.

"मॅडम, तुमी सही नका मागे घेऊ. फक्त एकदा चाला माह्यासंग."

त्यांनी मला आधी आमचा कडुनिंब ठोकायला लावला. मग चिंचेपाशी नेऊन तिचं खोड ठोकायला लावलं. कडुनिंबाचा आवाज भरीव, बसका होता. चिंच मात्र रिकाम्या पिंपासारखी वाजली.

"झाडावर जीव असनं येगळं," ते हळूच म्हणाले, "अन् झाडाचं ऐकनं येगळं. माह्या जीवाचं इचाराल तं मी हिले हात लावू देनार नाई. पन मले आयकू येऊन राह्यलं ना. आता नाई म्हनून कसं चालन?"

मी सह्यांचा कागद फाडला. घरोघर जाऊन पुन्हा सगळं सांगितलं, आणि पहिल्या तीन घरांत मीच शिव्या खाल्ल्या.

परवानगी मिळाली, चिंच तोडली. बुंधा आडवा झाला तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. आत माणूस उभा राहील एवढी पोकळी होती. चारी बाजूंनी वीतभर लाकूड तेवढं चांगलं उरलेलं, त्याच्याच जोरावर एवढा पसारा उभा होता. ज्याने प्लॉटवाल्याची गोष्ट पसरवली होती तो काकांजवळ येऊन मान खाली घालून उभा राहिला. काकांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ते वाकून चिंचेच्या लाकडावरून तळवा फिरवत म्हणाले, "बाई मोठी सोशीक होती. कोनालेच लागू नाई देल्लं."

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही, एवढंच मला माहीत आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे गुडघे फारच दुखू लागले आणि मुलाने त्यांना वर्ध्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आधी पंधरा दिवस त्यांनी आम्हा सहा बायकांना रोज सकाळी कॉलनीभर हिंडवलं. ठोकायला लावलं, वळी ओळखायला लावली, दोर बांधायला शिकवलं. "माह्यावर इश्वास ठेवू नका," ते सारखे सांगत. "सोता ठोकून पाहा." गाडीत बसताना त्यांचे डोळे कोरडे होते, आमचे नव्हते. "रडता कायले? मी काय झाडं घेऊन चाललो का?"

त्यांना तिथे करमणार नाही अशी मला काळजी होती. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, ओळखीचं कुणी नाही. मी महिन्याभराने फोन केला. आवाज खणखणीत होता.

"मॅडम, इथं मजा हाये! गॅलरीतून झाडाचे शेंडे दिसते. इतके वर्सं झाडं पाह्यली, पन असं आरामात बसून शेंडा पाह्यलाच नोता. शेंड्यावरून समजते, मुळाले पानी भेटते का नाई. गेटजवळचा उंबर वरून वाळून राह्यला. बुडाशी गाड्या उभ्या करते ना हे लोक."

"सांगितलं का कुणाला?"

"सांगतलं. कोनी आयकत नाई अजून." ते हसले. "पन मी रोज लिफ्टनं खाली उतरून उंबराच्या बुडाशीच उभा राह्यतो. आज वॉचमननं सोताहून खुर्ची आनून देल्ली."