ताईचे वार

माझ्या मोठ्या ताईनं चाळिशी ओलांडली, पण तिला वार कळत नाहीत. सकाळ झाली की दिवस, अंधार पडला की संपला. आमचं त्यावाचून काही अडलंही नाही, कारण तिचे सगळे दिवस सारखेच होते. मतिमंद मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपली, तेव्हापासून ती घरातच. आई जाईल तिथे तिचा पदर धरून.

मग आमच्या दारव्ह्यात सरकारी अनुदानावर तिच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी एक केंद्र निघालं. बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, एक मॅडम, एक मदतनीस बाई आणि ने-आण करायला पांढरी गाडी. सुरुवातीला ताई गाडीत बसताना रडायची. महिनाभरात उलटं झालं. गाडीच्या तासभर आधीच ती डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसू लागली. कागदी पाकिटं चिकटवायला शिकली, स्वतःची वेणी घालायला शिकली, कोणाकडून तरी एक चांगली सणसणीत शिवीही शिकून आली. आईनं तिला रागावायचं ठरवलं, पण हसूच आवरेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आईला दुपारी पाठ टेकायला मिळत होती.

केंद्राचं नाव झालं तसे आसपासच्या खेड्यांतून लोक आपापली माणसं घेऊन येऊ लागले. मंजुरी मात्र ठरलेल्या संख्येचीच. जागा वाढवून मिळणार नाहीत, असं वरून उत्तर आलं आणि मॅडमनी सगळ्यांचे दोन गट केले. ताईच्या वाट्याला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार आले.

पहिल्या मंगळवारी ती नेहमीसारखी ओट्यावर बसली. ऊन चढलं तरी उठेना.

"गाडी काहून नाही आली?"

"आज आपला वार नाही वं," आई म्हणाली.

"मले जायचं हाय."

"उद्या जाजो."

तिनं डबा अंगणात भिरकावला. बुधवारी गाडी आली तेव्हा ती खूश झाली आणि आम्हाला वाटलं, लागेल सवय. पण गुरुवारी पुन्हा तेच. एकदा तर तिनं आईच्या दंडाला एवढ्या जोरात चावा घेतला की रक्त आलं. आधीच्या वर्षांत ती असं कधी वागली नव्हती. तेव्हा तिच्याकडून हिरावून घेण्यासारखं काही नव्हतंच.

मी केंद्रात जाऊन भांडले. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि बाकावर बसलेल्या एका बाईंकडे बोट दाखवलं. त्या खेड्यावरून मुलाला घेऊन आल्या होत्या. चांगला वाढलेला मुलगा, आईच्या खांद्यावर मान टाकून बसलेला.

"तुमच्या ताईला रोज घेते," मॅडम म्हणाल्या. "पण मग ह्याला काढावं लागेल. तुम्हीच सांगा यांना."

बाई माझ्याकडे पाहत होत्या. मी परत आले. रागवावं तर कोणावर, हेच कळेना.

रजा टाकून यवतमाळच्या जिल्हा कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, समजते मले. पण तालुक्याले मंजूर संख्या एवढीच आहे. काही ठिकाणी तर केंद्रच नाही. तुमच्याकडे तीन दिवस तरी आहेत ना?"

"साहेब, माझी बहीण सातही दिवस असते," मी म्हटलं.

ते ओशाळून हसले. जागा वाढवण्याचा प्रस्ताव पाठवला आहे म्हणाले. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, तेही रागानं.

त्यानंतरच्या एका गुरुवारी मॅडमचा फोन आला. "ताई इथं आहे. एकटीच आली."

माझा विश्वास बसेना. घर आणि केंद्राच्या मधे बसस्टँडसमोरचा रस्ता, जीपा, ऑटो, बाजाराची गर्दी! तो रस्ता तिनं कधी आईचा हात सोडून ओलांडला नव्हता. ती कधीच एकटी जाऊ शकणार नाही, असं शाळेतल्या बाई आम्हाला सांगून चुकल्या होत्या. मी धावत पोचले तर ताई आपल्या जागेवर बसून पाकिटं चिकटवत होती.

"मी आली," ती मला म्हणाली. चेहरा नुसता फुललेला.

मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली. मारलीही. पण मॅडम दारात उभ्या होत्या. "आज राहू द्या. पण पुन्हा असं झालं तर मला ठेवून घेता येणार नाही. रस्त्यात काही झालं असतं तर? मला वर उत्तर द्यावं लागतं."

मॅडमचं चूक नव्हतं. रस्त्याचं भय आम्हालाही होतंच. त्याच संध्याकाळी मी बाजारातून कुलूप आणलं. आता मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवार-रविवारी आम्ही फाटक आतून बंद करतो. ताई सळया धरून उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती शिवी हासडते. शेजारचे म्हणतात, केंद्रात जाऊन पोरगी बिघडली. आई त्यांच्याशी वाद घालत नाही. प्रस्तावाचं अजून काही कळलेलं नाही.