आधी मी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला ओळखीचे सगळे ‘आधी मी’ म्हणत. जेवणाच्या रांगेतसुद्धा लोक चिडवत, “सरका रे, आधी मी आले!” पण या नावामागे त्याचा एक नेम होता. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा तो स्वतः बसायचा, प्रत्येक मजल्यावर थांबत वर जायचा आणि तसाच खाली यायचा. तोवर कुणी कितीही नाकं मुरडोत, दुसऱ्याला आत पाऊल टाकू द्यायचा नाही. “बेतायचं तर माझ्या जिवावर बेतू दे,” असं म्हणायचा, आणि जरा तोऱ्यातच म्हणायचा.

एके दिवशी नेहमीच्या एका इमारतीत लिफ्टच्या दाराचा खटका बदलायचा होता. काम अगदी किरकोळ. त्यात मेव्हण्याकडे जेवण, आणि बायकोचे फोनवर फोन. खटक्यात काय बिघडणार आहे, असं म्हणत त्याने हत्यारं आवरली, वॉचमनला “करा चालू” सांगितलं आणि सटकला.

दुसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई बाजारातून परतताना लिफ्टमध्ये अडकल्या. हा धापा टाकत पोचला. लिफ्ट हाताने तळमजल्यावर उतरवून त्याने दार उघडलं, तर बाई घामाने निथळत होत्या. खटक्याची वायर सैल राहिली होती. एक फेरी मारली असती तर तिथेच कळलं असतं.

जमलेली मंडळी त्याच्यावर तुटून पडली. तर बाईच मध्ये पडल्या.

“त्यांना बोलू नका. स्वतः बसल्याशिवाय ते कुणाला बसू देत नाहीत. यंत्र आहे, बिघडतं कधीतरी.”

मंडळी मागे सरली. सुटला होता की गडी! नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पण त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

“बाई,” तो खाली मान घालून म्हणाला, “काल मी बसलो नव्हतो.”

बाई कठडा धरून जिना चढायला लागल्या. त्यांची पिशवी घेऊन तो मागे निघाला. तिसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या.

“मला लिफ्टची पहिल्यापासून भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बसता म्हणून मी बसायचे.”